सारखी कमळे, उलटा हळद्या

१९ जानेवारी, रविवार. सकाळी दाट धुके. दहानंतर लख्ख ऊन, वारा नाही.

“माय, भेद खरा की खोटा?” श्रीकरने विचारले.

“आत्म्याचा विचारतोस की पाट्यांचा?” भागामाय म्हणाली.



पूर्णेकाठच्या त्या लहानशा मठात सगळे तिला मायच म्हणत. ती ओट्यावर उन्हाला पाठ देऊन भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. श्रीकर हातात मोबाइल घेऊन समोर उभा होता.

पाट्यांची कल्पना त्याचीच. मठाच्या बागेत सात मोठी झाडे. प्रत्येक झाडाखाली एक पाटी आणि पाटीवर एक खूणचित्र. मोबाइल त्या चित्रासमोर धरला, की चित्र ओळखून तो त्या झाडावरचा पक्षी पडद्यावर उभा करणार. असा, की जणू पाटीवरच येऊन बसलाय. शिवाय त्याचा आवाजही ऐकवणार. चार वाजता गावच्या वसतिगृहातली मुले ते बघायला येणार होती.

मठाचे कारभारी पुंजाजी यांना हे पहिल्यापासून पसंत नव्हते. “देवाच्या बागेत मोबाइल कायले?” असे ते दिवाळीपासून म्हणत होते. मायने होकार दिला म्हणून ते गप्प बसले होते. पण आज सकाळी त्यांनी स्वतः आंब्याखाली मोबाइल धरून पाहिला होता.

पडद्यावर हळद्या पक्षी आला. पिवळाधमक, सुरेख. पण डोके खाली, पाय वर.

“बाप्पा!” पुंजाजी म्हणाले. “तुहा हळद्या तं वटवाघळावानी लटकून राह्यला!”

चिंचेखाली घुबड यायला हवे होते, तिथे पोपट आला. जांभळाखाली पुन्हा तोच हळद्या, या वेळी आडवा.

“चार वाजेपर्यंत पाखरं जागेवर बसले नाही,” पुंजाजींनी बजावले, “तं पाट्या बंबात.”

आणि मुलांसमोर पाट्या बंबात गेल्या, तर पुन्हा मठात कोणी काही नवे करायचे नाव काढणार नव्हते. श्रीकरला ते पक्के ठाऊक होते.

“दाखव बरं तुझं चित्र,” माय म्हणाली.

त्याने आंब्याखालची पाटी उचलून आणली. खरखरीत कागद, त्यावर ठळक काळे कमळ. आठ पाकळ्या, एकीसारखी दुसरी.

“आणि बाकीच्यांवर?”

“हेच.”

“हेच?”

“माय, पुण्यात मी हेच काम करायचो. गिऱ्हाइकाला बजावून सांगायचो, चित्रात फरक ठळक हवा, कोपरे हवेत, तीच नक्षी पुन्हा पुन्हा नको. पण हा मठ! इथे ते नियम कशाला? म्हणून सगळीकडे एकच कमळ घेतलं. ना वर ना खाली, ना पहिलं ना शेवटचं. पक्षी वेगळे, मूळ एक. मोबाइलसाठी म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात वेगळे बारीक ठिपके तेवढे दिलेत... ते त्याला दिसत नाहीत.”

“मग आता अडलंय कुठं?”

“मोबाइलला अद्वैत कळत नाही, माय.”

माय इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

“अन् तुला?”

“प्रयत्न चाललाय,” श्रीकर नम्रपणे म्हणाला. पण मान जरा ताठच होती.

मायने डोळे पुसले.

“जा, दोरीवरचा तुझा पंचा घेऊन ये.”

मागच्या अंगणात दोरीवर सगळ्यांचे पंचे वाळत होते. सगळे पांढरे, एका मापाचे, एकाच ताग्यातले. श्रीकर गेला आणि लगेच परत आला.

“हा तुझाच कशावरून?”

“खूण आहे ना. कोपऱ्यात बिब्ब्याने फुली मारलीय.”

“कोणी?”

“मीच.”

“कशाला?”

“अगं माय, पुंजाजी त्यांच्या पंच्याला तपकिरीचं नाक पुसतात. तो चुकून माझ्या तोंडाला...”

तो मध्येच थांबला.

पुंजाजी खांबाआडून सगळे ऐकत होते. “असं का बे? मूळ तं एकच हाय ना?”

माय उठली. वृंदावन सारवायला गेरू कालवून ठेवला होता. तिने त्यात पंजा बुडवला आणि श्रीकरच्या कमळाशेजारी, एकाच बाजूला, थापकन उमटवला.

“माय!” श्रीकर ओरडला.

“कमळ राहू दे. वर कुठं अन् खाली कुठं, ते आता सांग तुझ्या मोबाइलला.”

श्रीकर पंजाकडे बघत राहिला. बोटे वाकडी, करंगळी अर्धवट, मनगटाशी एक ओघळ. कुठेही पुन्हा न येणारी नक्षी.

मग तो धावतच निघाला आणि उरलेल्या पाट्या घेऊन आला.

स्वयंपाकघरातल्या कौसाबाईंनी चिंचेच्या पाटीवर भलामोठा झारा काढला. मठातल्या आणखी कोणी नांगर काढला, कोणी तिरकी चंद्रकोर. पुंजाजी “मले नाही येत” म्हणत बसले, आणि मग त्यांनी जांभळाच्या पाटीवर बैल काढला. त्याला पाय पाच झाले.

“पाचवा काय?” कौसाबाईंनी विचारले.

“शेपूट हाय ते!”

“मग शेपटीला खूर कशापायी?”

हसता हसता कौसाबाईंच्या पदराला गेरू लागला. उन्हात पाट्या पटकन वाळल्या. श्रीकरने प्रत्येकीचा नवा फोटो काढला, मोबाइलला नवी ओळख करून दिली आणि पाट्या पुन्हा झाडांखाली लावल्या.

चार वाजता मुले आली. आंब्याखाली हळद्या आला, चिंचेखाली घुबड, जांभळाखाली बुलबुल. सातही पक्षी आपापल्या झाडाखाली आले, पाय खाली, डोके वर. पुंजाजींनी पाचपायी बैलासमोर मोबाइल तीनदा धरला आणि तिन्ही वेळा बुलबुलच आला.

श्रीकर मायजवळ येऊन बसला.

“माय... सगळ्या पाट्या वेगळ्या झाल्या. मग सगळ्यांत एकच आहे ते दिसणार कुठं?”

हळद्याने शीळ घातली. मुलांचा घोळका मोबाइलवर वाकला.

“पाट्यांकडं काय बघतोस?” भागामाय म्हणाली. “पोरांची तोंडं बघ.”