फुगलेलं पीठ

रस्मियाआजीचं घर इस्रायली लष्करी चौकीच्या अलीकडे आणि तिच्या पॅलेस्टिनी गावाची भट्टी पलीकडे. रोटी भाजायची, तर मळलेल्या पिठाची परात घेऊन रोज सैनिकांपुढे उभं राहायचं. त्या दिवशी त्यांनी तिला सकाळपासून उन्हात ताटकळत ठेवलं. दुपारी परातीवरचं फडकं वर आलेलं दिसताच अधिकाऱ्याने बंदूक रोखली. "ए म्हातारे, आत काय फुगतंय?"

"पीठ आहे, साहेब. तुम्हीच फुगवलंत. झाकून, कोंडून उन्हात ठेवलं की ते गप्प बसत नाही."

रांगेत खसखस पिकली. अधिकाऱ्याला उत्तर सुचेना, म्हणून त्याने फाटकच बंद केलं.

आजी आंबलेलं पीठ घेऊन घरी परतली. "रोटी आणलीस?" नातवंडांनी विचारलं. आता तिलाही उत्तर सुचेना.