धुक्यातला हॉर्न

घाटमाथ्यावर इसाक मिस्त्रीचं गॅरेज होतं. छपराला पाच जुने सायलेन्सर टांगलेले. धुक्यात वारा सुटला की ते आपोआप घुमायचे. ते काढून मोठ्या आवाजाचे बसवून गेलेले त्यांचे मालक घाटातून परतलेच नव्हते.

अशाच एका धुकट सकाळी सभापतींचे जावई रणधीरराव मोटारसायकल घेऊन आले. "फटाका सायलेन्सर बसव. आवाज मोठा असला की लोक आपसूक बाजूला होतात, जिवाला धोका नाही. नाही म्हणालास तर उद्या गॅरेजला कुलूप!"

इसाकने सायलेन्सर बसवला. मग बाजूलाच ट्रक लावून बसलेल्या आपल्या मेहुण्याच्या कानात काहीतरी सांगून तो परतला. "साहेब, इथंच रस्त्यावर उभं राहून रेस द्या. मी हात केला की बंद करा."

अख्खा घाट दणाणला. इसाकने हात केला, इंजिन थांबलं, आणि रणधीररावांच्या मानेमागे हॉर्न किंचाळला. वळून बघतात तो धुक्यातून आलेला ट्रक पाठीपासून वीतभर अंतरावर!

"वळणापासून हॉर्न देतोय तो," इसाक म्हणाला. "तुमचा आवाज सगळ्यांनी ऐकला, साहेब. त्याचा तेवढा तुम्हाला ऐकू आला नाही."

वर पाचही सायलेन्सर घुमू लागले.

"जुनाच बसव," रणधीरराव म्हणाले, तेही कुजबुजत.