कड्यातली तांबडी रेघ

"ही मधली तांबडी रेघ का सोडलीत, बनसोडे?"

तांबोळी सरांनी चित्राचा कागद परत केला.

समोर घाटरस्त्यासाठी कापलेला कडा होता. उभा, काळा, उघडाबोडका. कम्युनिटी कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या वर्गानं आज त्याचे थर कागदावर काढायचे होते. दयानंद बनसोडे यांचं चित्र सगळ्यांच्या आधी तयार. वर्गात उत्तरही त्यांचंच आधी येई. स्वतः चाळिशी ओलांडलेले, बाकीची सगळी विशीतली पोरं. आपण मागे पडलोय हे कुणाला दिसू नये म्हणून गड्याची सारखी धडपड चाललेली.

"रेघेत काय आहे, सर? खाली लाव्हा, वर लाव्हा. दोन्ही थर जाडीसकट दाखवलेत."

"आणि मध्ये?"

"मध्ये लाव्हा आलाच नाही. हजारो वर्षं नुसती गेली. तेवढ्या काळात खालचा दगड झिजून झालेली ती माती."

"म्हणजे काही झालं नाही?"

"काही नाही."

सरांनी कड्याकडे तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणं बनसोडे यांना झोंबलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं बाहेर पडलं.

"सर, मी उद्यापासून येत नाही. हे शिकायचं वय केव्हाच गेलं. त्या वयात वडील अंथरुणाला खिळले. अठरा वर्षं त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं, धुतलं, पुसलं. ते गेले, मी घराबाहेर आलो, तर बरोबरीचे सगळे साहेब झालेले. एवढी वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की मला सांगायला काही नसतं. कोरी गेली."

बोलता बोलता ते दगडावर बसले.

सर कड्याकडेच बघत होते. आज पहिल्यांदा दिसावा तसे.

"बनसोडे, झाडं कुठं आहेत?"

आता माणूस पोटातलं बोलतोय, आणि ह्यांना झाडं सुचतात. बनसोडे वैतागले. पण नजर गेलीच.

खालच्या काळ्या थरावर गवताची काडी नव्हती. वरच्यावरही नव्हती. नेचे, गवत, उंबराचं एक वाकडंतिकडं रोप, जे काही हिरवं होतं ते सगळं त्या वीतभर तांबड्या मातीला धरून, कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बनसोडे उठले. जवळ गेले. रेघेवर बोट टेकवलं.

बोट ओलं झालं.

त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. दोन्हीकडे कोरडा दगड... पुन्हा बोट टेकवलं. रुसवा कुठल्या कुठे गेला होता.

"सर, इथं पाणी कसं काय?"

वर्गात इतके दिवस झाले, माहीत नाही म्हणून त्यांनी काही विचारलं ते आज पहिल्यांदा.

तांबोळी सरांनी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"मला काय विचारता? अठरा वर्षं त्या रेघेत तुम्ही राहून आलात."