रित्या मागाची कहाणी

ऐका मागाई, तुमची कहाणी. बायांनो, हातातलं काम खाली ठेवा. वाती मागाहून वळा. ही कहाणी रित्या हातांनी ऐकायची असते.

एक होतं आटपाट नगर. नगरात राजवाडा, राजवाड्यामागं कोष्टीवाडा. तिथं सुंद्रा नावाची कोष्टीण राहत होती. घरात नवरा होता, म्हातारी सासू होती, येसू नावाची लेक होती. नवरा सूत रंगवी, येसू रहाटावर सुताच्या कांड्या भरी, सुंद्रा मागावर लुगडी विणी. तिच्या काठावरचा मोर आता ओरडेल की काय, असं वाटावं.

कोष्टीवाड्यात मागाची देवी मागाई, तिचा एक वसा होता. लुगडं पुरं झालं, मागावरून उतरलं, की एक दिवस माग रिता ठेवायचा. उभ्या सुतांचा नवा ताणा चढवायचा नाही. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू लावायचं. घरच्यांना न्हाऊ घालायचं, ऊन ऊन भात वाढायचा. मग विणणारीनं मधे बसायचं. ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं सांगायचं, तिनं ऐकायचं. दिवेलागण झाली की वसा पुरा झाला.

सुंद्रा वसा पाळीत होती. पुढं काय झालं? तिचं एक लुगडं राणीच्या दृष्टीस पडलं. राणीनं भर दरबारात विचारलं, "हे कुणाच्या हातचं?" लोकांनी सुंद्रेचं नाव सांगितलं. मग वाड्यावरून शिपाई आला. म्हणाला, "बाई, राणीसाहेबांना आणखी एक हवं, लवकर हवं." ते झालं, दुसरं हवं. दुसरं झालं, राजकन्येला हवं. सुंद्रेला आभाळ ठेंगणं झालं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, की उठेचना. भाकरी थापायची सासू, पाणी भरायची येसू. आणि तो रिता दिवस सुंद्रेच्या डोळ्यांत खुपू लागला.

मग तिनं काय केलं? लुगडं संपत आलं, जुन्या ताण्याची वीतभर सुतं मागावर उरली. नव्या ताण्याचं एकेक सूत तिनं जुन्याच्या टोकाला पिळून सांधलं. लुगडं कापून उतरवलं, तरी माग भरलेलाच. सांधणी काही पाप नव्हे. अडल्या वेळी सगळेच सांधतात. पण सासू म्हणाली, "सुंद्रे, आज मागाईचा दिवस ना गं?"

सुंद्रा म्हणाली, "आत्याबाई, माग रिता झाल्यावर वसा करायचा. माझा माग रिता झालाच नाही. मग वसा मोडला कुठं?"

सासू उठून भाकरी थापायला गेली. बायांनो, देवाला फसवायची अक्कल आपल्याला फार, उगीच हसू नका.

मग एके दिवशी सकाळी येसू मागापाशी आली. म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं." सुंद्रा म्हणाली, "एवढा काठ होऊ दे, मग सांग." येसू परत गेली. काठ झाला, वेल लागली. येसू दुपारी आली. म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं." सुंद्रा म्हणाली, "एवढी वेल होऊ दे, बाळ." येसू परत गेली. वेल झाली, पदर लागला. येसू सांजेला आली. उभी राहिली. म्हणाली, "आई." सुंद्रेनं मान वर केली नाही. "एवढा पदर होऊ दे गं, जीव खाऊ नकोस!" येसू परत गेली. रहाटापाशी बसली. पुन्हा आली नाही.

लुगड्यामागून लुगडी गेली. सांध्यावर सांधा पडला. घर शांत झालं. सुंद्रेच्या मनात आलं, बरं झालं, आता कुणी मधे मधे येत नाही, काम कसं भरभर होतं.

मग येसूला बघायला पाहुणे आले. मुलगी पाटावर बसली. पाहुण्यांनी विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" येसू बोलेना. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. येसूचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. पाहुणे गुळपाणी तसंच ठेवून उठले. म्हणाले, "मुलगी मुकी आहे, हे आधी सांगायचं होतंत."

सुंद्रा घाबरली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, हिची वाचा गेली केव्हा?" सासू म्हणाली, "मला वाटलं, पोर माझ्यावर रुसली. तुझ्याशी बोलत असेल." नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तू आई ना तिची?" कधी गेली, कशानं गेली, कुणालाच सांगता येईना. एका छपराखाली चार माणसं, अन् पोरीची वाचा गेली तो दिवस कुणी पाहिला नाही. सुंद्रेनं कपाळ बडवून घेतलं.

वैद्य झाले, अंगारे झाले, गुण येईना. मग सुंद्रा वेशीबाहेर मागाईच्या देवळात गेली. पायरीवर एक म्हातारी मांडीत हात ठेवून बसली होती. सुंद्रा म्हणाली, "आजी, देवी कुठं भेटेल? लवकर सांगा, माग उघडा टाकून आले." म्हातारी म्हणाली, "मग जा, माग झाकून ये." सुंद्रा गेली, माग झाकून आली. येता येता हातात सुताची गुंडी आणली, बसल्या बसल्या उलगडू लागली. म्हातारी म्हणाली, "जा, तेवढी उलगडून ये." सुंद्रा रडत घरी गेली. गुंडी ठेवली, येसूच्या तोंडाकडे पाहिलं, तशीच रित्या हातांनी परत आली. पायरीवर बसली. ऊन खाली उतरलं, तरी उठली नाही.

मग म्हातारी म्हणाली, "आता बोल."

सुंद्रेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "घरी जा. मागावरचा ताणा आहे तिथं काप. त्यावर राणीचं लुगडं असो की राजकन्येचं. माग रिता कर. पुढं अंगणात ऊन असेतो मागाचं काम कर. ऊन भिंतीवर चढलं, की धोटा ठेव. तेवढा वेळ घरच्यांचा. लुगडं उतरलं, की रिता दिवस धर. उतू नको, मातू नको, अन् पळवाट काढू नको."

सुंद्रा घरी आली. विळा घेतला. अर्ध्या विणलेल्या मोरावरून ताणा कापला. शिपाई आला, रिता माग बघून गेला. राणीनं काम दुसरीला दिलं. दरबारात सुंद्रेचं नाव पुन्हा निघालं नाही.

सुंद्रेनं पहिला रिता दिवस धरला. येसूला न्हाऊ घातलं, भात वाढला, समोर बसली. येसू बोलली नाही. मग ऊन भिंतीवर चढे, सुंद्रा धोटा ठेवी, लेकीपाशी बसे. गावातल्या बायांचं साधं लुगडं विणून उतरलं. दुसरा रिता दिवस धरला. येसू बोलली नाही. आणखी एक लुगडं उतरलं. तिसरा रिता दिवस धरला. येसूचे केस विंचरत होती, तेव्हा पोर म्हणाली, "आई."

सुंद्रेच्या हातातली फणी गळाली. लेकीला पोटाशी धरलं. म्हणाली, "बोल माझे बाई, तुला काय सांगायचं होतं?"

येसूनं खूप आठवून पाहिलं. म्हणाली, "आई, आता आठवत नाही गं."

"सुखाचं होतं, का दुःखाचं?"

"तेही आठवत नाही. तेव्हा फार मोठं वाटलं होतं, एवढंच आठवतं."

सुंद्रा तशीच देवळाकडे धावली. म्हातारी पायरीवर होती. पाय धरले, म्हणाली, "मागाई, लेकीला वाचा दिलीस, मग तिच्या मनातलं ते का नाही दिलंस?"

मागाई म्हणाली, "वाचा माझ्यापाशी होती, ती मी दिली. ती सांगायला आली, तो दिवस तुझ्यापाशी होता."

सुंद्रा घरी आली. पुढं येसूचं लग्न झालं, घर चांगलं मिळालं. सुंद्रेनं मरेतो वसा टाकला नाही. पण रित्या दिवशी सगळ्यांचं ऐकून झालं, की ती आणखी थोडा वेळ बसून राही.

बायांनो, सुंद्रेला मागाई अर्धीच पावली. तुम्हांआम्हांला पुरी पावो. तुमच्या घरी कुणी "एक सांगायचं होतं" म्हणालं, तर ते त्याच दिवशी ऐकायची बुद्धी देवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ज्यांनी ऐकली त्यांना फळो, इथं संपूर्ण झाली.