लांडग्याची मोळी आणि मुंग्यांचे ऊन

जेथे दाट जंगल संपते आणि गवताळ माळ सुरू होतो, तेथे एका उंचवट्याखाली घुशींची वस्ती होती आणि त्याच्या पायथ्याशी मुंग्यांचे वारूळ होते. घुशींची बिळे खोल, ऐसपैस आणि कोरडी होती. मुंग्यांपाशी जागा नव्हती, पण कष्ट होते. म्हणून पूर्वापार असे चालत आले होते की, मुंग्यांनी माळावरचे सावा, देवभात असे रानधान्य वेचून आणावे, घुशींनी ते आपल्या बिळांत ठेवू द्यावे आणि पावसाळ्याचे चार महिने दोघींनी त्यावर काढावेत.

मुंग्यांच्या दोन रीती होत्या. दाण्याच्या ज्या टोकातून कोंब फुटतो, ते टोक त्या साठवणीपूर्वी दातांनी कुरतडून टाकत. मग दाणा ओलसर झाला तरी उगवत नसे. आणि पावसाळ्यात ऊन पडले की त्या सारे धान्य बाहेर काढून जवळच्या कातळावर वाळत घालत. हे आईने लेकीला दाखवले, लेकीने नातीला. पहिल्या आईला कोणी दाखवले, हे सांगायला नको. ज्या देवाने हत्तीला मण आणि मुंगीला कण दिला, त्यानेच तो कण राखण्याची बुद्धीही दिली.

पुढे घुशींना लोभ सुटला. आधी अर्ध्याहून थोडे अधिक, मग पाऊण, असा त्यांचा वाटा वाढत गेला. एका कार्तिकात मुंग्यांनी वारुळाच्या तोंडाशी सभा भरवली आणि ठरवले की, वाटा पूर्ववत होईपर्यंत एकही दाणा वाहायचा नाही. माळावर सावा पिकून गळू लागला. घुशींनी शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, एकदोघींनी वारुळावर पायही दिला. तेव्हा मुंग्यांनी त्यांचे पाय असे फोडले की, त्या चार दिवस लंगडत होत्या. खरे पाहता तडजोड दूर नव्हती. आणखी आठ दिवसांत ती झालीच असती. परंतु घुशींची जी प्रमुख होती, त्या थोराड घुशीला मुंगीपुढे मान वाकवणे सहन होईना. ती जंगलात गेली आणि लांडग्याला घेऊन आली.

लांडगा आपल्या कळपासह आला. त्याने कोणाला चावा घेतला नाही. उंचवट्यावर उभे राहून त्याने काठ्या मागवल्या. एक काठी दातांत धरून कटकन मोडली. मग उरलेल्या काठ्या वेलीने आवळून त्यांची मोळी बांधली आणि कळपातल्या दांडग्या लांडग्यांना ती मोडायला सांगितली. ती मोडली नाही.

लांडगा म्हणाला, "पाहिलेत? एकटी मोडते, मोळी मोडत नाही. घूस आणि मुंगी यांचे भांडण आजपासून संपले. यापुढे ना घुशीचे हित, ना मुंगीचे हित. हित एकच, रानाचे."

पुष्कळ मुंग्यांना ते पटले. भांडणाचा त्यांनाही कंटाळा आला होता. एक म्हातारी मुंगी मात्र शेजारणीला हळूच म्हणाली, "मोळी छान आहे गं. पण वेलीचे टोक कोणाच्या पायाखाली आहे, ते बघ."

शेजारीण म्हणाली, "तुला चांगल्यात वाईटच दिसते, आजी."

त्या दिवसापासून धान्यमंडळ स्थापन झाले. सुगरण पक्ष्यांसाठी विणकाममंडळ झाले, मधमाश्यांसाठी मधमंडळ झाले. तशीच रचना सर्वत्र होती. मंडळात मालक आणि कष्टकरी एकाच बैठकीत बसतील, आणि अध्यक्ष लांडग्याचा असेल. धान्यमंडळावर कोल्हा अध्यक्ष झाला. घुशींच्या वतीने थोराड घूस बसली. मुंग्यांच्या वतीने कोणी बसावे, यासाठी मुंग्या आपल्यातली एक निवडू लागल्या, तेव्हा कोल्ह्याने सांगितले की, तुम्ही पडलात हजारो, निवडण्यात वेळ जाईल; लांडगेराजांनी तुमच्यासाठी सरडा नेमला आहे.

मुंग्या चपापल्या. सरड्याने आजवर किती मुंग्या गिळल्या, याची गणती नव्हती. एकीने तसे बोलूनही दाखवले.

"म्हणूनच तर," कोल्हा म्हणाला, "मुंग्यांची त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला आहे?"

सरड्याला एकच काम होते आणि ते त्याला जन्मजात येत होते. ठराव वाचला जाई, आणि तो मान वरखाली हलवी. मंडळाचे पहिले तीन ठराव असे होते : मुंग्यांनी काम थांबवू नये, मुंग्यांनी मंडळाबाहेर सभा भरवू नये, आणि घुशींची सारी बिळे आतून फोडून त्यांचे एकच राजकोठार करावे. तिसऱ्या ठरावाला घूस थोडी दचकली. पण कोल्ह्याने तिला कोठाराची मुख्य नेमले, आणि तिने विचार केला की, बीळ गेले तरी मुंग्या तर ताळ्यावर आल्या. तिनेही होकार दिला.

मुलांनो, मोठे संकट दाराशी येते तेव्हा ते बहुधा व्यवस्थेच्या रूपाने येते. त्या वर्षी भांडण कोठेच नव्हते. रांगा सरळ होत्या. जाणारे-येणारे थांबून वाखाणणी करत.

मग लांडग्याने धान्याचे युद्ध पुकारले. दुसऱ्या रानाकडे आपण कधी हात पसरणार नाही, आणि यंदाची रास कोठाराच्या मधल्या दालनात छतापर्यंत लागली पाहिजे, असे त्याने उंचवट्यावरून जाहीर केले. मुंग्यांना दुप्पट खेपा लागल्या. तरी रास छतापासून वीतभर खाली राहिली. तेव्हा कोल्ह्याच्या लक्षात आले की, मुंग्या प्रत्येक दाण्याचे टोक कुरतडण्यात वेळ दवडतात. शिवाय कुरतडलेला तेवढा भाग राशीत येत नाही. ठराव झाला : यापुढे दाणा अखंड यावा. सरड्याने मान हलवली.

म्हातारी मुंगी सरड्याकडे गेली. फार जवळ गेली नाही. तिने सांगितले की, अखंड दाणा ओल लागताच उगवतो, आणि उगवलेल्या दाण्यावर पावसाळा निघत नाही; एवढे मंडळात बोला.

सरडा म्हणाला, "आजी, तुमच्या वतीने मी मान हलवून आलो आहे. आता तुमच्याच वतीने ती उलटी कशी हलवू?"

"मग आम्हाला बोलू द्या."

"तुमच्या वतीने बोलायला मी आहे ना," तो म्हणाला, आणि त्याची जीभ किंचित बाहेर आली. म्हातारी मागे सरली.

रास छताला लागली. लांडगा तिच्यापुढे उभा राहिला आणि साऱ्या रानाने ती पाहिली. घुशींनी शेपट्या आपटल्या. मुंग्यांना पाहायला वेळ नव्हता.

श्रावण लागला. सलग नऊ दिवस झड लागून राहिली. दहाव्या दिवशी सकाळी ढग फाटले आणि कातळावर लख्ख ऊन पडले. मुंग्यांना कोणी हाक मारली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने त्या कोठाराच्या तोंडाशी आल्या. तोंडाशी कोल्हा बसला होता.

"कुठे निघालात?"

"धान्य वाळवायला," म्हातारी मुंगी म्हणाली.

"कोणाचे धान्य? ते आता रानाचे आहे. बाहेर काढायचे तर मंडळाचा ठराव लागेल."

"मग करा ठराव, कोल्होबा. ऊन दुपारपर्यंतच राहील."

कोल्ह्याने सावकाश समजावले की, ठरावाला राजांची संमती लागते, आणि राजे कळपासह शेजारच्या रानात स्वारीवर गेले आहेत. ते परत आले की, हा विषय पहिल्या बैठकीत घेता येईल. राजांच्या गैरहजेरीत कोठार उघडणे म्हणजे द्रोह.

आत थोराड घूस राशीजवळ उभी होती. म्हातारीने तिला तोंडाशी बोलावून विचारले, "घूसबाई, तुम्ही शंभर पावसाळ्यांच्या घरातल्या. राशीत पाय घालून बघा. आतून गरम लागते आहे ना?"

घुशीने पाय घातला. रास गरम होती. दमट, आंबूस वाफ तिच्या नाकाला लागली. धान्य कुजण्याआधी कसे लागते, हे तिच्या आजीने तिला शिकवले होते. ती एक शब्द बोलली असती, तर कोल्ह्याला दोघींना अडवणे जड गेले असते. एका अंगाने मुंग्या आणि दुसऱ्या अंगाने घुशी, अशी ती पूर्वीची ताकद अजून शिल्लक होती. तिने कोल्ह्याकडे पाहिले, आपल्या पदाकडे पाहिले, आणि म्हणाली, "मंडळ बघेल."

एके काळी अशा वेळी मुंग्यांनी सभा भरवली असती. आता सभा नव्हती. रांगा मात्र होत्या. मुंग्या उन्हात रांगा धरून उभ्या राहिल्या, दुपारपर्यंत. मग ढग आले.

चौथ्या दिवशी कोठाराच्या तोंडातून हिरवे कोंब बाहेर आले. कोल्ह्याने डांगोरा पिटवला की, राजांच्या पुण्याईने कोठार हिरवे झाले आहे. पुढच्या आठवड्यात ते काळे पडले आणि त्याची दुर्गंधी माळभर पसरली. त्याविषयी डांगोरा पिटला गेला नाही.

भाद्रपदात वारुळात उपासमार सुरू झाली. मेलेल्या मुंग्यांना जिवंत मुंग्या ओळीने बाहेर नेऊन ठेवत. काम थांबवायचे नाही, हा ठराव अजून लागू होता. म्हातारीच्या सात लेकी गेल्या. ती स्वतः राहिली, कारण देव कोणाला कशासाठी ठेवतो, ते त्यालाच ठाऊक.

लांडगा परतला तो हरलेला होता. स्वारीत निम्मा कळप कामी आला होता. कोठार का नासले, याची मंडळाने चौकशी केली आणि मुंग्यांच्या आळसाने नासले, असा निर्णय दिला. सरड्याने मान हलवली. परंतु निर्णयाने पोट भरत नाही, आणि लांडग्याला धान्य तरी काय करायचे होते! हरणे केव्हाच पळून गेली होती. भुकेला कळप उंचवट्याकडे वळला. घुशींची बिळे आता एकमेकांत फोडलेली होती. एका तोंडाने लांडगा शिरला की, पळायला दुसरे घर नव्हते.

थोराड घूस शेवटी सापडली. ती म्हणाली, "राजे, मीच आपल्याला इथे बोलावले होते."

"ठाऊक आहे," लांडगा म्हणाला. "नाहीतर हे घर मला कोठून ठाऊक असते?"

हिवाळ्यात शेजारच्या रानातले रानकुत्रे चाल करून आले आणि त्यांनी उरलेल्या कळपाला पिटाळले. कोल्हा त्याआधीच नाहीसा झाला होता. पुढे कोणीतरी त्याला दुसऱ्या एका रानात, दुसऱ्या एका मंडळावर पाहिले. सरडा कुंपणावर परतला आणि पूर्वीप्रमाणे मुंग्या खाऊ लागला. निदान आता तो त्यांच्या वतीने खात नव्हता.

तुम्ही म्हणाल, संकट टळले. ऐका.

पुढच्या वर्षी उरलेल्या मूठभर मुंग्यांनी कातळाजवळच्या एका झाडाच्या ढोलीत थोडा सावा जमवला. त्या बहुतेक मंडळाच्या काळात जन्मलेल्या होत्या. दाणा कुरतडताना त्यांनी आपल्या आयांना कधी पाहिले नव्हते. म्हातारीने त्यांना दाखवून पाहिले. त्या ऐकून घेत, आणि अखंड दाणा आणून ठेवत. श्रावणात पाच दिवस पाऊस झाला आणि सहाव्या दिवशी ऊन पडले. कोल्हा नव्हता, लांडगा नव्हता, कोठाराला दार नव्हते. मुंग्या बाहेर आल्या आणि ढोलीच्या तोंडाशी रांगा धरून उभ्या राहिल्या.

म्हातारीने एक दाणा उचलला. तिचे दात आता झिजले होते. टोक कुरतडायला तिला बराच वेळ लागला. तो ओढत ती कातळाकडे निघाली.

रांगेतल्या पहिल्या मुंगीने विचारले, "आजी, आज्ञा आली का?"

"ऊन आले आहे," म्हातारी म्हणाली.

मुंगीने मागच्या मुंगीकडे पाहिले, तिने तिच्या मागच्या मुंगीकडे. रांग हलली नाही. म्हातारीने तो दाणा कातळावर ठेवला आणि दुसऱ्यासाठी मागे फिरली. असे तिने चार दाणे नेले. पाचव्या खेपेला ती कातळ आणि ढोली यांच्या मधोमध बसली, ती पुन्हा उठली नाही. दुपारनंतर ढग आले.

तात्पर्य : वेल ज्याच्या पायाखाली असते, मोळी त्याची होते, तिला एकी समजू नये. आणि देवाने ज्याच्या त्याच्या पदरी घातलेली बुद्धी जो दुसऱ्याच्या हुकमाकडे गहाण टाकतो, त्याला हुकूम करणारा गेल्यावरही ती परत मिळत नाही.