झिपरीची सहा संत्री

एक होती बाग. बागेत होतं झाड. झाडात होती ढोली. ढोलीत होती खार. खार इतकुशी, पण शेपटी केवढी! नाव तिचं झिपरी.

झिपरीला दोन पिल्लं. डोळे मिटलेली, गुलाबी गुलाबी. त्यांना दात यायचे होते. दात आले की संत्रं खाणार. पण बागेतली संत्री तर ट्रकात बसून गावाला गेली. मग आता? काळजी नको. झिपरीने सात संत्री ढोलीत लपवून ठेवली होती.

एके सकाळी पाहते तर काय? एका संत्र्यावर पांढरं पांढरं. मधे हिरवं हिरवं. आली की बुरशी.

झिपरीने शेपटीने पुसलं. फुस्स! बुरशीची धूळ उडाली. आक्छी! बुरशीला पाय नाहीत, तरी ती चालते. आज या संत्र्यावर, उद्या शेजारच्या संत्र्यावर. सातातलं एक गेलं, उरली सहा. तीही गेली तर पिल्लं खाणार काय? झिपरीला रडूच आलं.

रडून बुरशी जाते का? नाही जात. झिपरीने डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाग राखायची वेणूकाकू. काकू आपल्या संत्र्यांना अंघोळ घालायची. तिची संत्री खूप दिवस टिकायची.

"काकू, काकू, अंघोळ घाल.
माझ्या संत्र्यांना अंघोळ,
मग बुरशी पळेल."

काकू म्हणाली, "घालतो वं बाई. पन नुसत्या पान्यानं काय होते? आधी निंबाचा पाला आन."

झिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कडुनिंब उभा होता, हात पसरून.

"निंबदादा, निंबदादा, पाला दे.
काकूला हवा पाला,
मग संत्र्यांना अंघोळ,
मग बुरशी पळेल."

निंब म्हणाला, "नाही देत. घसा कोरडा पडलाय माझा. आधी पाणी आण."

झिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बागेच्या कडेने पाट चालला होता, खळखळ गाणं म्हणत.

"पाटभाऊ, पाटभाऊ, पाणी दे.
निंबाला हवं पाणी,
काकूला हवा पाला,
मग संत्र्यांना अंघोळ,
मग बुरशी पळेल."

पाट म्हणाला, "नाही देत. निंबाखालची माती आहे दगड. मी जातो, ती आत घेतच नाही. आधी माती मऊ कर."

झिपरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. निंबाखाली माती बसली होती, तोंड घट्ट मिटून.

"मातीमाय, मातीमाय, मऊ हो.
पाटाला हवी मऊ माती,
निंबाला हवं पाणी,
काकूला हवा पाला,
मग संत्र्यांना अंघोळ,
मग बुरशी पळेल."

माती म्हणाली, "नाही होत. माझी मी कशी मऊ होऊ? आधी गांडूळ आण."

झिपरी निघाली. पाय दुखले, तरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वाळक्या पानांखाली गांडूळराव लोळत पडले होते. कामाला नाव नाही, नुसतं आळोखेपिळोखे.

"गांडूळराव, गांडूळराव, मातीत या.
मातीला हवं गांडूळ,
पाटाला हवी मऊ माती,
निंबाला हवं पाणी,
काकूला हवा पाला,
मग संत्र्यांना अंघोळ,
मग बुरशी पळेल."

गांडूळराव म्हणाले, "नाही येत. पोट रिकामं आहे. आधी जेवण आण."

"काय जेवता?"

"सडकं. चांगलं नको, सडकंच आण."

सडकं? सडकं संत्रं होतं की ढोलीत! झिपरी गेली. पण पाहते तर तेच सगळ्यात मोठं. एक बाजू अजून पिवळीधमक. झिपरीला वाटलं, हिरवी बाजू देऊ, पिवळी ठेवू. तिने पिवळ्या बाजूला नाक लावलं. शी! कडू कडू वास. बुरशी आतपर्यंत गेली होती.

झिपरीला फार वाईट वाटलं. इतक्या लांबून ओढून आणलं होतं ते संत्रं. पण बाकीची सहा वाट पाहत होती. तिने डोळे मिटले. जोर लावला. गडगड, गडगड, धप्प! संत्रं खाली, गांडूळरावांच्या पुढ्यात.

मग काय झालं?

गांडुळाने खाल्लं संत्रं, मचमच मचमच.
गांडूळ शिरलं मातीत, वळवळ वळवळ.
माती झाली मऊ, भुसभुस भुसभुस.
पाटाने दिलं पाणी, खळखळ खळखळ.
निंब प्यायला पाणी, घटघट घटघट.
निंबाने दिला पाला, सळसळ सळसळ.

झिपरीने पाला तोंडात धरला आणि सुटली. तुरुतुरु तुरुतुरु. काकूने हंडा चुलीवर ठेवला. पाला टाकला. पाणी झालं हिरवं. उकळलं, मग काकूने ते जरा निवू दिलं. तोवर झिपरीने ढोलीतली संत्री एकेक करून आणली.

बुडुक! एक. बुडुक! दोन. बुडुक! तीन.
बुडुक! चार. बुडुक! पाच. बुडुक! सहा.

काकूने संत्री सावलीत सुकवली. फडक्याने एकेक पुसून दिलं. वाळलेल्या गवतावर ठेव म्हणाली, आणि एकाला दुसरं चिकटू देऊ नको म्हणाली. झिपरीने तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी झिपरीने पाहिलं. बुरशी आली? नाही आली. चार दिवसांनी पाहिलं. बुरशी आली? नाही आली. बुरशी बसली असेल कुठे तरी तोंड फुगवून.

आणि एक दिवस पिल्लांनी तोंड उघडलं. आत काय? दात! पांढरे, टोकदार, इवले इवले. झिपरीने एक संत्रं फोडलं. टप टप रस गळला. एका पिल्लाच्या नाकावर, दुसऱ्याच्या कानावर. दोघं चाटत सुटली. चुटुक चुटुक, चुटुक चुटुक.

झिपरी झाडाच्या शेंड्यावर चढली. शेपटी उभी केली आणि साऱ्या बागेला ओरडून सांगितलं, "चिर्रर्र! सहाच्या सहा टिकली! सहाच्या सहा!"

संत्री खाऊन सरली,
गोष्ट तुम्हाला उरली.