विळ्यांचं तळं

पाण्यात उतरू नका, पाहुणे. काठावरूनच बघा. खाली गाळात विळे रुतलेले आहेत, किती पिढ्यांचे ते देवाला ठाऊक. मी इथल्या लोहाराच्या घरचा, म्हणून चार गोष्टी जास्त ऐकून आहे.

फार पूर्वी आमच्या कोळदऱ्यात एक यशाचा विळा होता म्हणे. त्यानं पाटलाच्या थोरल्या मुलाची नाळ कापली आणि तो मुलगा शंभरी गाठून गेला. मग काय, घरोघरच्या बाळंतपणाला तोच विळा. धुवायचा मात्र नाही, धुतला तर यश वाहून जाईल! राही सुईण तो फडक्यात बांधून फिरवायची. आणि सातव्या-आठव्या दिवशी बाळं दूध ओढायची थांबत, जबडा मिटे, अंग ताठ होई. लोक म्हणत, सटवाईनं नेलं. हौसा नावाच्या बाईची अशी तीन गेली.

लोहाराची मात्र चारही जगली. गाव म्हणे, यांना करणी येते. करणी कसली, डोंबल! स्वतः विळे घडवणारा दुसऱ्याचा विळा कशाला मागेल? तो भट्टीतून काढलेलं नवं पातं सुईणीच्या हाती देई. चौथ्या खेपेला राहीच्या ते ध्यानात आलं. असं सांगतात, ती दोन दिवस जेवली नाही. मग सगळ्या गावासमोर या काठावर येऊन उभी राहिली.

"सटवाईनं न्हाई नेली पोरं," ती म्हणाली. "ह्या इळ्यानं नेली. माझ्या हातानं नेली."

आणि तिनं विळा तळ्यात फेकला.

त्यानंतर गावानं तिला दारात उभं केलं नाही. हौसाला चौथ्यांदा दिवस गेले होते. कळा सुरू झाल्या तशी ती पोट धरून राहीच्या खोपटापाशी आली.

"तीन नेलीस," ती म्हणाली. "आता चौथं आणाया तूच चल."

राहीनं हात कढत पाण्यानं धुतले म्हणे. लोहाराकडचं नवं पातं उकळून घेतलं, नाळेवर राख लावू दिली नाही, बाळ पुसून आईच्या उराशी ठेवलं. दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून ते पातंही तळ्यात टाकलं. आठवा दिवस धड गेला. नवव्या दिवशी हौसानं मूल आणून राहीच्या मांडीवर ठेवलं.

तेव्हापासून दर बाळंतपणाला नवा विळा आणि मग तो तळ्यात, अशी रीत पडली. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, विळा नुसता विधीपुरता. पण आजही नवव्या दिवशी बाळ देवापुढं ठेवायच्या आधी बाळंतपण करणारणीच्या मांडीवर देतात. नर्सबाई घाईत असतात, तरी मांडी घालून बसतात. गेल्या साली एक नर्सबाई बाळ घेऊन ओक्साबोक्शी रडली. आदल्या महिन्यात तिच्या हातांवर एक मूल गेलं होतं. कुणी तिला गप्प केलं नाही. आईनंही बाळ परत मागायची घाई केली नाही.